वार्निशचा शेवटचा हात

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आमच्या टेबलावरच्या सगळ्या घरांना, भिंतींना आणि टेकड्यांना वार्निश लागलं. दुसऱ्या दिवशी काका आले, ते शेवटचे.

टेबल घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधलं. अंगठ्याएवढे सैनिक, फासे, मोजपट्टी आणि आम्ही सहा जण. टेबलावरच्या खेळातली लढाई आमची; थर्माकोलचं गाव, पूल, पडक्या भिंती काकांनी रंगवलेल्या. कारखान्याच्या रंगखात्यातून निवृत्त होऊन ते वर्तकनगरला एकटे राहत. आमच्यातल्या, त्यांच्या शेजारी राहणाऱ्या अभिजितने एकदा मोडकी भिंत त्यांच्याकडून रंगवून घेतली आणि त्यांनाही सोबत आणलं. तेव्हापासून ते दर रविवारी येत. आठवड्यात त्यांना दुसरीकडे कुठे जायचं नसे.

"आधी काळा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घर कुठल्याही रंगाचं असो, थर्माकोलवर पहिला हात काळा. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवून ते एकेक वीट वर काढत. जमिनीला वाळवलेला चहाचा चोथा.

फ्रान्समधल्या लढाईसाठी केलेल्या चर्चमागे त्यांनी तुळशीवृंदावन ठेवलं होतं. इथे तुळस कशी, असं अभिजितने विचारलं.

"मागच्या दारी आहे. तुझे सैनिक पुढून येतात."

वृंदावन तिथेच राहिलं.

खेळ त्यांनी कधी शिकून घेतला नाही. भिंतीशी खुर्ची ओढून बसत आणि कुणी घर उचललं की त्याच्या बोटांकडे बघत. अशी बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वरून वार्निश नसल्यामुळे हाताळून रंग उडायचाच. संध्याकाळी ते टवका गेलेला कोपरा शोधत, ती वस्तू पेपरात गुंडाळून पिशवीत घालत आणि पुढच्या रविवारी आणतो म्हणत. त्यांची पिशवी रिकामी परत गेलेली मी पाहिली नव्हती. वार्निश कधी मारणार, असं विचारलं की म्हणत, अजून सुकू दे. काकांचा रंग मे महिन्यातही सुकत नाही, अशी आम्ही थट्टा करायचो.

या वयात दर आठवड्याला हे ओझं कशाला, म्हणून त्या शनिवारी अभिजितने सगळ्यावर स्प्रेने वार्निश मारलं. रविवारी काकांनी चर्च उचललं, कडेवर अंगठा घासला आणि अंगठा पाहिला. काही निघालं नव्हतं.

"आता काही न्यायला नको काका. आरामात बसा," अभिजित म्हणाला.

"छान बसलंय," काका म्हणाले. चहा घेऊन लवकर निघाले. मी गेटपर्यंत गेलो. पिशवीची घडी त्यांच्या काखेत होती. पुढच्या वेळी खेळायलाच या, असं मी म्हटलं.

"मला कुठे खेळता येतं? काम असायचं म्हणून येत होतो रे."

पुढचे काही रविवार त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. मग वर्तकनगरचं घर बंद करून ते कल्याणला पुतणीकडे राहायला गेल्याचं कळलं. एकदा खेळ चालू असताना अभिजितने त्यांना फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. कोण कोण आलंय, काकांनी विचारलं. आम्ही नावं सांगितली.

"कुठे काही निघालं का रे?"

"काहीच नाही काका. एकदम टकाटक. दहा वर्षं बघायला नको."

"बरं," काका म्हणाले. फोन त्यांनीच ठेवला. त्यांच्याशी झालेलं आमचं हे शेवटचं बोलणं.