शेवटची झोपडी
चाकणच्या आमच्या कंपनीत मशीन शॉपच्या दारावरून गेलं की मशिनी गार ठेवायला सोडतात त्या कूलंटचा तेलकट, आंबूस वास येतो आणि मला संत तुकाराम नगरमधल्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले होते, त्यांच्या शर्टाला हाच वास होता. पिंपरीतल्या त्यांच्या कंपनीत त्याच आठवड्यात नोटीस लागली होती की मशिनी चाकणला जाणार, पण जुने कामगार जाणार नाहीत. मी कॉम्प्युटरवर लढाईचा गेम खेळत होते. आधी माणसांकडून लाकडं तोडून घ्यायची, गाव वसवायचं, मग शत्रूचं गाव पाडायचं. बाबा चहा घेऊन मागे बसले. मी सातवं मिशन जिंकलं, पडदा काळा झाला आणि आठव्यात उजाड माळावर चार नवीच माणसं उभी राहिली. "आणि मघाची?" बाबांनी विचारलं. "ती मागेच राहतात. दर मिशनला नवी माणसं." "पण गाव तर त्यांनीच उभं केलं ना गं?" मी सातवं मिशन पुन्हा उघडलं, शत्रूचं सगळं पाडलं आणि एकच झोपडी ठेवली. "ती का ठेवलीस?" "ती पडली की मिशन संपतं, बाबा. मग ही माणसं मागे राहतात." ते लाकडं तोडणाऱ्या त्या माणसांकडे बघत राहिले, चहा पार गार झाला. मग म्हणाले, "राहू दे मग." मी गेम तिथेच सेव्ह केला. तो कॉम्प्युटर पुढे भंगारात गेला. हार्ड डिस्क मात्र मी काढून ठेवली आहे. तिच्यात ती झोपडी अजून उभी आहे.