मानेवरचा लाल गोल

मी संशयी आहे, असं घरचे म्हणतात. भाजीवाला गोड बोलायला लागला की मी आधी त्याच्या काट्याकडे बघते. त्यामुळे आमच्या कॅन्सर विभागात एआय आलं तेव्हा ते मला आवडणार नाही, हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं.

रेडिएशन देण्याआधी रुग्णाचं सीटी स्कॅन करायचं आणि त्यातल्या एकेका चित्रावर रेषा आखायच्या. इथे किरण द्यायचे, इथे चुकूनही जाऊ द्यायचे नाहीत. या कामात माझी संध्याकाळ जायची, मान आखडायची. एआयचं मशीन तेच काम चहा निवायच्या आत उरकतं. ते उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही, मीही वापरते. माझं दुखणं वेगळं होतं. पूर्वी आम्ही कोऱ्या चित्रात गाठ शोधायचो. आता मशीनने आखलेलं बघायचं आणि मान डोलवायची. माझी तरुण सहकारी डॉक्टर हुशार आहे, पण मान डोलवण्यात ती सगळ्यांच्या पुढे. तिचं काम वेळेत व्हायचं, माझं रेंगाळायचं. बैठकीत कौतुक कुणाचं व्हायचं, ते सांगायला नको.

अशात खुलताबादहून एक चाचा आले. दर्ग्याजवळ त्यांचं फुलांचं आणि चादरींचं दुकान. जिभेच्या उजव्या कडेला कॅन्सर, त्याचं ऑपरेशन झालेलं, दातही काढलेले. आता पुढचं काम आमचं होतं. किरण फक्त उजवीकडे दिले, तर डावीकडच्या लाळग्रंथी वाचणार होत्या. दोन्हीकडे द्यावे लागले, तर तोंड बहुधा जन्मभर कोरडं. चाचांनी पहिल्याच भेटीत एवढंच विचारलं होतं, की पुढे भाकरी गिळता येईल का. भात नको, खिचडी नको, ज्वारीची भाकरी. दात नसले तरी रश्श्यात कुस्करून खाईन म्हणाले. असं काही तरी मागणारा माणूस मला फार आवडतो.

मशीनने त्यांच्या मानेवर डाव्या बाजूला लाल गोल काढला आणि शेजारी ‘संशयास्पद’ असं दाखवलं, म्हणजे कॅन्सर तिकडेही पसरला असावा. सहकारीने दोन्ही बाजूंना किरण देण्याचा आराखडा करून माझ्यापुढे सहीसाठी ठेवला. मला उस्मानपुऱ्यात एका साखरपुड्याला जायचं होतं. सही करून मोकळी झाले असते. पण चित्रात पांढरे पट्टे आडवे गेलेले दिसले. असे पट्टे धातूमुळे येतात, बहुतेक वेळा दातांतल्या चांदीमुळे. चाचांना तर दातच नव्हते.

मग लक्षात आलं, त्यांच्या गळ्यातला धातूचा ताविज. आमच्याकडे स्कॅनच्या वेळी गळ्यातला ताविज किंवा मंगळसूत्र उतरवायचा कुणी आग्रह धरत नाही. पूर्वी एकदा दोरा कापला म्हणून मोठं भांडण झालं होतं. तेव्हापासून तंत्रज्ञ ताविज हळूच मानेमागे सरकवतात आणि आम्ही त्या पट्ट्यांमधून वाट काढत चित्र वाचतो. विभागात हे सगळ्यांना माहीत होतं. मशीनला कुणी सांगितलं नव्हतं.

सहकारीला विचारलं, तुला पट्टे दिसले नाहीत का?

“दिसले,” ती म्हणाली. “पण मॅडम, मशीनलाही दिसलेच असतील ना?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मशीनपेक्षा मला तिचाच राग जास्त आला. साखरपुडा बुडाला तो बुडालाच.

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं. ताविज त्यांच्या बायकोने बांधलेला होता आणि ती आता नव्हती. दोरा कापायचा नाही, एवढंच ते म्हणाले. बराच वेळ खटपट करून त्यांनी स्वतःच तो सोडवला. काढलेल्या वस्तू ठेवायचा डबा पुढे केला, तर तो त्यांनी माझ्या हातात दिला. “डब्यात नगं. तुमच्यापाशी ठिवा.” मी तो ॲप्रनच्या खिशात ठेवला.

नव्या स्कॅनमध्ये पट्टे गेले आणि लाल गोलही गेला. सहकारीने लगेच डावीकडच्या रेषा पुसल्या. मलाही हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच मला संशय आला. गोल दाखवत होतं तोवर मशीन लबाड होतं. आता काही नाही म्हणतंय, तर मी एवढी खूश कशी? मी चाचांची सोनोग्राफी करायला लावली आणि करणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसले. डावीकडे काही निघालं नाही. मग मशीनच्या रेषा झाकून पहिल्यापासून सगळं स्वतः आखलं.

चाचांना सांगितलं, एकाच बाजूला किरण देऊ. ते खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट मलाच विचारलं.

“मॅडम, मशीन आधी खोटं बोललं, का आता बोलतंय?”

सोनोग्राफीलाही दिसणार नाही एवढं बारीक काही असू शकतं, हे मला ठाऊक होतं. तेही मी त्यांना सांगितलं. वर म्हटलं, मशीनचं सोडा, मी बघितलंय. उद्या काही निघालं तर मला धरा.

“तुम्हाला धरून माझी मान सुटंल व्हय?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी ताविजासाठी हात पुढे केला. तो गळ्यात बांधत म्हणाले, “द्या एकाच बाजूला.”

किरण देऊन झाले. चाचा अजून तपासणीला येतात. भाकरी खातात, आणि या खेपेला रस्सा कशाचा होता तेही सांगतात. आता रिपोर्टबरोबर मशीनचं मत आधीच आलेलं असतं. सहकारी ते वाचायला लागली की मी तिला थांबवते. चाचा ताविज सोडून माझ्याकडे देतात आणि हनुवटी वर करतात. मी डाव्या कानाखालून बोटं दाबत दाबत खाली आणते. दर वेळी मला भीती वाटते, आणि दर वेळी ती तेवढीच असते. चाचा माझ्या बोटांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. बोटं खांद्याजवळच्या हाडापर्यंत पोचतात, काही लागत नाही. मग चाचा आवंढा गिळतात, आणि तो सरकताना माझ्या बोटांना कळतो.