ज्योतीला सगळं येतं

केशवापुरातल्या ज्योती मिरजकरला सगळं येतं, हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूला इन्सुलिन तीच टोचायची, उडालेला फ्यूज तीच बसवायची, दिवाळीच्या गर्दीत दाजीबानपेठेतल्या घरच्या दुकानात उभी राहून कन्नडमधून भाव तीच ठरवायची. हे आपलं कौतुक चाललंय, असं तिला लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं.

नवरा मधुकर मात्र एकमार्गी. दुकानात चोळीचे खण, बस्स. साडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. "माणसानं एकच काय ते धरावं," असं म्हणायचा.

मुलगा मयूर नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. त्याचा कॉम्प्युटर आणि जुना लॅपटॉप घरीच राहिला. एका रविवारी त्यानं फोनवरून शिकवून दोघांना एका खेळात घुसवलं. जंगल, राक्षस आणि अनोळखी लोकांची टोळी. खेळ आधीच विचारतो, तुम्ही कोण होणार? योद्धा, तिरंदाज की वैद्य? नाहीतर 'मुक्त', म्हणजे मिळालेले गुण हव्या त्या विद्येवर लावा.

मधुकरनं झटकन 'मुक्त' निवडलं. थोडी तलवार, थोडी जादू, थोडी मासेमारी, थोडं कुलूप उघडणं. ज्योती वैद्याची माहिती वाचत बसली. 'वैद्य फक्त जखमा बऱ्या करतो. त्याला शस्त्र चालवता येत नाही, स्वयंपाक येत नाही, ओझं वाहता येत नाही.' तिनं ते पुन्हा एकदा सावकाश वाचलं आणि बटण दाबलं.

मधुकर पहिल्याच रानडुकरापुढे आडवा झाला. तलवार बोथट, जादूचा नुसताच धूर.

"अगं, बघतेस काय? दगड तरी मार!"

"मला येत नाही," ज्योती म्हणाली. हे वाक्य आपण याआधी कधी बोललो होतो, ते तिला आठवेना. तिनं नवऱ्याला बरं केलं. डुकरानं त्याला परत लोळवलं.

हळूहळू टोळीचं तिच्यावाचून अडायला लागलं. मग एके दिवशी खेळाच्या कंपनीनं नियमच बदलला. आता कुणीही काहीही शिकावं. ज्योतीचे सगळे गुण नव्यानं वाटण्यासाठी तिला परत मिळाले.

"अक्का, आता थोडा स्वयंपाकही शिका ना," टोळीतली दावणगेरेची स्मृती हेडफोनमधून लाडीगोडीनं म्हणाली. सोलापूरच्या सागरला वाटलं, अक्कांनी सामानही उचलावं.

"तुला काय, तू पटकन शिकशील," मधुकरनं भर घातली.

ज्योतीचा हात माउसवर थबकला. मग तिनं एकूण एक गुण पुन्हा जखमांवरच लावले.

"मग टोळीला रांधून कोण घालणार?" मधुकरनं विचारलं.

"तुम्ही. मासे धरताच की."

सागर रुसून टोळी सोडून गेला. मधुकर दोन दिवस कुरकुरला, मग तलवार आणि जादू सोडून सगळे गुण त्यानं कालवणात ओतले. त्याचा रस्सा खाऊन लोकांना दुप्पट बळ यायचं. दुसऱ्या टोळ्यांतून त्याला बोलावणी यायला लागली. दुकानात खण उलगडतानाही तो सांगू लागला, "आमच्याकडे रांधण्याचं माझ्याकडे असतं. माशांचा रस्सा तर विचारूच नका."

एकदा असंच चाललं असताना ज्योती त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली.

"नशीबवान हो अक्का तुम्ही!" गिऱ्हाईक बाई म्हणाली.

"हो ना," ज्योतीनं डबा गल्ल्यापाशी ठेवला. "रश्शाला वाटण कसलं लागतं, तेवढं विचारून घ्या त्यांना."

बाई वाट बघत राहिली. मधुकरनं खाली वाकून नवा गठ्ठा सोडायला घेतला.