काचेवरचा माऊस

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात वारलूबाबू खोब्रागडे यांना अखेर काच मिळाली. काचेचं एवढं काय, असं विचारणारा माणूस ऑफिसच्या खुर्चीत कधी बसलेला नसणार. टेबलावर हिरवं कापड आणि त्यावर जाड काच असली की तो मोठा बाबू. बाकीच्यांना नुसती फळी. सारी नोकरी फळीवर काढून, निवृत्ती तोंडावर आल्यावर वारलूबाबू काचेपर्यंत पोचले. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले आणि काच स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली.

मोठेपण मिळालं की हुकूम सोडल्याशिवाय माणसाला करमत नाही. वारलूबाबूंचा पहिला हुकूम माऊस पॅडवर सुटला.

"अरे, खाली गोळी फिरे तो जुना माऊस गेला, तसा पॅडही गेला! आता लाल दिव्याचा माऊस असते. हा कचरा काऊन जमा करून राह्यले?"

झालं, सगळे पॅड फेकले गेले. चहावाल्या रुखमाबाईनं तेवढा एक वाचवला, गरम केटलीखाली ठेवायला.

दुसऱ्या दिवशी बाबू ऐटीत काचेमागे बसले, माऊस हलवला, तर पडद्यावरचा बाण जागचा हलेना. पुन्हा हलवला, तर भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसला. त्या लाल दिव्याला काचेवर काही दिसतच नव्हतं हो! बाबूंना घाम फुटला. पॅड मागावा तर कालचाच हुकूम, आणि काच काढायची म्हणजे जीवच जायचा.

तेवढ्यात खिडकीत खुशबू आली. पोरगी वैनगंगेपलीकडच्या गावाहून जीपमध्ये दाटीवाटीनं आलेली, परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि फॉर्म मंजूर करायचा मोठ्या बाबूंनीच.

"सर्व्हर डाऊन हाये, बाई," बाबूंनी ठोकून दिलं.

"तुमी म्हणता तं असनच, बाबू. दुसऱ्या कोणाचं मी मानलं नसतं. माहा भाऊ इथीच शिकला. तो म्हणे, वारलूबाबू कोणाले वापस धाडत नाई." आणि ती खरंच निघाली.

बाबूंचा चेहरा उतरला. साऱ्या नोकरीत कमावलेलं नाव एका काचेपायी घालवायचं? त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

"थांब, माय!" ते उठले, सगळ्यांदेखत केटलीखालचा पॅड ओढला आणि चहाच्या डागांसकट काचेवर मांडला. बाण लागला मुकाट्यानं चालायला. फॉर्म गेला, खुशबू जीप गाठायला पळाली.

आता सारं ऑफिस हसणार, म्हणून बाबू मान खाली घालून बसले. पण कोणी हसलं नाही. सगळे त्या पॅडकडे टक लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नुसत्या फळीवर काम करणारा ज्युनिअर क्लार्क प्रवीण समोर येऊन उभा राहिला. "बाबू, आमाले बी पॅड पायजे."

"काऊन? तुह्या फळीवर माऊस मस्त चालते ना!"

"चालते. पण मोठे बाबू वापरते म्हणजे काहीतरी असनच ना. सगळ्यायचं हेच म्हणणं हाये."

बाबूंनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर काचेवर काम होत नाही हे कबूल करणं आलं. त्यांनी काचेवरून एकदा हात फिरवला आणि घसा खाकरला.

"आणजा," ते म्हणाले. "पण माह्याहून लहान आणजा."