अंकलचा आवाज मी पाठवला

घोडा नाहीये, आधीच सांगतो. कंट्री सिंगरची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही घोडा, वाळवंट, पिस्तूल अशी तयारी करून बसला असाल. वाळवंट आहे, ते मस्कतमध्ये फुकट मिळतं. बाकी एक टोपी आहे, एक गिटार आणि वसईचा एक पंचावन्न वर्षांचा माणूस. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी: बायको सोडून गेली, ट्रक बंद पडला, असली. आमच्या गावात कंट्री म्हटलं की लोक बाटली आणतात. अंकलच्या बाबतीत तेही चुकीचं नव्हतं.

अंकल आणि मी वादी अदाईला एका खोलीत राहायचो. मी गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एसी मेकॅनिक, अंकल अल् खुवैरच्या एका हॉटेलात गायक. आधी चर्चमध्ये गायचा, मग लग्नाच्या बँडमध्ये, मग बहारीनला. तिथे जोरात चालला आणि तिथेच जोरात पडला. स्टेजवर पिऊन चढायचा, गिऱ्हाइकांना शिव्या घालायचा. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. तीन वर्षांपूर्वी सोडली त्याने दारू, पण तोवर गळ्याचं वाटोळं झालं होतं.

माझा धंदा एसीचा, पण कला नकलेची. आमच्या अर्बाबची, म्हणजे अरब मालकाची, नक्कल केली की खोलीतली पोरं जेवण सोडून हसायची. अंकलची एक जुनी रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मोबाईलमध्ये होती, बहारीनची. ती ऐकून ऐकून मी हुबेहूब उचललेली. दहावीला इंग्रजीत पस्तीस मार्क, एका शब्दाचा अर्थ कळत नाही, पण गळ्यातला तो हुंदका, शब्द ओढून सोडायची ती पद्धत, सगळं जागच्या जागी. अंकल समोर असला की मात्र मी ती नक्कल करायचो नाही. एकदा केली तेव्हा उठून बाहेर गेला होता.

मग हॉटेलात नवीन मॅनेजर आला. म्हणाला, एक गाणं रेकॉर्ड करून पाठवा, आवडलं तर व्हिसा रिन्यू, नाहीतर खलास. अंकल आठवडाभर पार्किंगमध्ये मित्राच्या पिकअपच्या काचा बंद करून प्रॅक्टिस करत होता, फोनवर रेकॉर्ड करून ऐकत होता. मी एकदा बाहेरून ऐकलं. गिटारच्या तारा पार खाली उतरवलेल्या, आणि आवाज म्हणजे जुन्या कॉम्प्रेसरची घरघर. खोलीत आल्यावर तो म्हणाला, "बाळा, हे गेलं तर वसईला जाऊन मी करू काय? मला दुसरं काहीच येत नाही रे."

शुक्रवारी, तिकडे सुट्टी तेव्हाच, सकाळी अंकल चर्चला गेला. फोन चार्जिंगला. लॉकचा नंबर मला ठाऊक, रिचार्ज मीच मारायचो. माझ्या मोबाईलवर त्याच गाण्याचं कराओके लावलं, अंकलच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, बाथरूममध्ये उभा राहिलो आणि बहारीनचा अंकल झालो. मॅनेजरला पाठवलं आणि त्या फोनमधून पुसून टाकलं.

तो परत आला तेव्हा उत्तर आलेलं होतं: ये आवाज कहाँ छुपाके रखा था? अगले फ्रायडे लंच में गाइए, फिर पेपर बनाते हैं.

"मी तर अजून पाठवलंच नाही," अंकल म्हणाला.

"मी पाठवलं, अंकल. तुमचंच. फोनमध्ये पडलेलं होतं ना, पिकअपवालं."

तो फोनकडे बघत राहिला. मग पलंगावर बसला आणि रडला. "हा आवाज आवडला त्याला? हा?" त्याच दुपारी त्याने पोरीला फोन लावला. ती दोन वर्षं उचलत नव्हती, त्या दिवशी उचलला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा केला.

पुढे सहा दिवस रोज ठरवायचो, आज सांगू. रोज तो शर्टाला इस्त्री करताना गुणगुणायचा आणि माझं तोंड बंद व्हायचं. माझं तोंड, जे अर्बाबसमोरही बंद होत नाही.

शुक्रवारी गिटार उचलायला म्हणून मी सोबत गेलो. बुफे लागलेला, पोरं आईस्क्रीमपाशी. अंकलने टोपी सारखी केली आणि त्या खालच्या पट्टीत सुरुवात केली. जवळ उभं राहून पहिल्यांदाच नीट ऐकलं मी. घरघर नव्हती ती. एक माणूस हळू बोलत होता. एका बाईने चमचा खाली ठेवला. मॅनेजरने मात्र दुसऱ्या कडव्यालाच हात वर केला.

"अंकल, वो वाला आवाज. जो भेजा था."

"यही भेजा था."

मॅनेजरने फोन काढून अंकलच्या कानाला लावला. अंकलने सगळं गाणं ऐकलं, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. मॅनेजर म्हणाला, धोका देनेवाले को नहीं रखते. कॅन्सल.

पिकअपमध्ये बसल्यावर अंकलने गाडी सुरूच केली नाही. आत भट्टी झालेली.

"एसी लावा ना, अंकल."

"गप. आवाज काढायचा नाही. कुठलाच. कुणाचा होता तो आवाज, माहितेय तुला?"

"तुमचाच..."

"माझा? बायकोवर हात उचलणाऱ्याचा होता तो! पोरीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला पिऊन आलेल्याचा! तीन वर्षं मी त्याला घरात घेतला नाही, आणि तू त्याला माझ्या फोनवरून नोकरीला पाठवलास?"

"मला वाटलं, तुमचा गळा..."

"तुला वाटलं! मेल्या, तू विचारलंस? मी खालच्या पट्टीत बसवलं होतं ते गाणं. मॅनेजर नाही म्हणाला असता, तर मला नाही म्हणाला असता. मी गेलो असतो घरी. पण पोरीला मी काय सांगितलंय? की माझा आत्ताचा आवाज चालला. आता लाव तिला फोन. लाव! आणि तुझ्या आवाजात सांग, येत असेल तर."