रिबिनींचा ब्लॉग

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्यांना मी शाळेतलं सगळं सांगते – कुणी रजा टाकली, कुणाचं कुणाशी वाजलं, कुणाच्या डब्यात काय होतं. एवढं एकच आठ वर्षं पोटात ठेवलंय. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

आमची शाळा वणी तालुक्यातली, कोळसा खाणींच्या पट्ट्यात, राजूरपासून फार लांब नाही. मी मराठी शिकवते. एका प्रशिक्षणात ऐकून आले, की मुलांकडून ब्लॉग लिहून घ्या. गावातला एखादा प्रश्न धरा, माहिती काढा, माणसांना विचारा, लिहा. मला नवं काही दिसलं की मी उडी घेतेच. संगणक खोलीतली दोन यंत्रं कशीबशी चालायची, त्यावर मुलं लिहायची. मी वाचायची आणि मगच लेख टाकायची. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक अक्षर बाहेर जाणार नाही, असं मी स्टाफरूममध्ये चारचौघांत ऐकवलं होतं. मोठ्या तोऱ्यात.

बहुतेकांनी प्लास्टिक आणि वृक्षारोपण उतरवून आणलं. नववीतली शबाना मात्र रिबिनी घेऊन आली. तिचे वडील वहीदभाई ट्रक दुरुस्त करायचे, रस्त्यालाच गॅरेज होतं. आमच्या शाळेत मुलींच्या वेण्यांना पांढऱ्या रिबिनी लागतात. हिने बारा जणींना आठवडाभर रिबीन धुऊ नका म्हणून सांगितलं, शनिवारी गोळा केल्या, प्रत्येकीचं घर कोळशाच्या रस्त्यापासून किती लांब ते लिहिलं आणि बाकावर ओळीने मांडून फोटो काढला. रस्त्याकाठच्या मुलींच्या रिबिनी पातेल्याच्या बुडासारख्या झाल्या होत्या. त्या वेण्या मी रोज प्रार्थनेला बघत होते – वीस वर्षं – आणि मला कधी दिसलं नाही. खरं सांगू? मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडा हेवाही.

मी मुद्द्याच्या भोवती फिरतेय, कळतंय मला.

लेखाच्या शेवटी एक फोटो होता. ताडपत्री न टाकता, उघड्या कोळशाने भरलेला ट्रक शाळेच्या फाटकासमोरून जातोय. ट्रकच्या कपाळावर ठळक नाव. ते नाव गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं – गाडी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची होती. मला माहीत नव्हतं? होतं. शबानालाही होतं. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात आली. "मॅडम, नाव झाकू का? अब्बा त्याच गाड्याइचं काम करते." माझ्या हातात डबा होता. मी म्हटलं, "नाव झाकलं तर पुरावा कसला? राहू दे. मी टाकते."

आणि टाकला. रविवारी दुपारी, घरून, चहा पिता पिता.

सोमवारी मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. अध्यक्षांशी बोलून त्यांच्या हातातला फोन अजून गरम असावा. "हे कोणी टाकलं?" एवढंच विचारलं त्यांनी. 'मी' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "सर, पासवर्डची चिठ्ठी संगणक खोलीतल्या कपाटाला आतून चिकटवलेली असते. पोरांना दिसते ती. कदाचित..."

'कदाचित'वरच थांबले. पुढचं त्यांनी पूर्ण केलं. पासवर्ड चोरला. चोरी.

माझी नोकरी कायम होती. मला कुणी काढणार नव्हतं. फार तर बोलणी बसली असती, फार तर दुसऱ्या शाळेत पाठवलं असतं. तेवढ्याला घाबरले. मोठी संकटं बघून घाबरणारी माणसं असतात, मी तर एका रागावलेल्या चेहऱ्याला घाबरले.

दुपारी बापलेक केबिनमध्ये उभे. शबाना माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, ती खरंच आठवण करून देत होती. "मॅडम, तुमीच त म्हनलं होतं ना, राहू दे म्हनून?"

मी म्हटलं, "मी? कधी?"

वहीदभाईंनी माझ्यापुढे हात जोडले. तळव्यांच्या रेघांत ऑइल होतं. "मॅडम, पोरगी चुकली. माफ करा तिले." ते हात मी खाली घ्यायला सांगितले नाहीत. शबाना माझ्याकडे नाही, त्या हातांकडे बघत होती. 

आणि संध्याकाळच्या आत मी लेख पुसला. सगळ्यांना वाटलं, मुख्याध्यापकांचा आदेश पाळला. लेखावर तारीख आणि वेळ होती – रविवार, दुपार. शाळेला कुलूप होतं. शबानाच्या घरी ना संगणक, ना नेट, आणि शाळेतली यंत्रं कुलपात. एवढं कुणाच्या लक्षात आलं असतं तरी पोरगी सुटली असती. माझ्या लक्षात आलं होतं.

वहीदभाईंनी स्वतःच तिचा दाखला मागितला आणि तिला उमरखेडला खालाकडे, मावशीकडे, पाठवलं. अध्यक्षांच्या गाड्या त्यांच्या गॅरेजसमोर पुन्हा दिसल्या नाहीत. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं, असं कारकुनाने विचारलं तेव्हा मी ठासून सांगितलं – "चांगली" लिहा. वर्षानुवर्षं मी तेवढ्यावर स्वतःला बरी समजत आले. बघा माझी हिंमत!

मला अजूनही प्रशिक्षणांना बोलावतात, 'ब्लॉगवाल्या मॅडम' म्हणून. गेल्या महिन्यात यवतमाळला एका तरुण शिक्षकाने फोन पुढे केला – "मॅडम, हा ब्लॉग मी मुलांना वाचायला देतो, बघा." उमरखेडच्या बाजूच्या गावांतल्या नळाच्या पाण्याबद्दल होता. नीट, शांत, एकेका घरी जाऊन लिहिलेला. खाली नाव शबानाचं.

नव्याने लिहिणाऱ्या मुलांसाठी तिने एक पान ठेवलंय. माणसाला त्याच्या दारात जाऊन विचारा. फोटोतलं नाव झाकू नका, नाव झाकलं तर पुरावा राहत नाही. आणि लेख टाका असं कुणी मोठ्या माणसाने सांगितलं, तर ते त्याच्याकडून लिहून घ्या.

मी तोंडी सांगितलं होतं. स्टाफरूमच्या दारात, डबा हातात घेऊन.