मूळ फाइल पुसण्याआधी

धुळ्याच्या आमच्या ऑफिसात मेनफ्रेम या मोठ्या संगणकावरच्या फाइली अक्का सांभाळायच्या. साक्रीहून बसने यायच्या आणि पदर खोचून उभ्यानेच कमांड टाइप करायच्या. फाइल हलवायची असली तरी आधी कॉपी करायच्या, कॉपी उघडून शेवटची ओळ वाचायच्या, मगच मूळ पुसायच्या.

यंदा आमचं मशीन बंद करायचं ठरलं आणि निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनची फाइल जळगावच्या मशीनवर पाठवली. तिथली फाइल इथून उघडता येत नव्हती.

"कॉपी पूर्ण झाल्याचा मेसेज आलाय. मूळ पुसा," साहेब म्हणाले.

"मेसेज आलाय, साहेब. फाइल मी अजून पाहिली नाही," अक्का शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी जळगावची बस धरली.

दुपारी त्यांचा मला फोन आला. "'श'च्या पुढची नावं आलीच नाहीत इथे. परत पाठव."

मी पाठवली. फोन चालू ठेवून अक्का तिकडे ती नावं एकेक करून मोठ्याने वाचत राहिल्या. सगळी नावं आल्याची खात्री झाल्यावर अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं शे. आते पुसी टाक."

साहेब शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे न बघता मी बटण दाबलं.